वाचकांचे प्रश्न : जावातली छोटी वेब ॲप्लिकेशन्स

कार्यालयातल्या कार्यालयात वापरायच्या वेब ॲप्लिकेशनसाठी जावा या प्रोग्रामिंग भाषेचा सगळा पसारा मांडण्याची गरज नाही, असे विधान गेल्या अंकात या सदरात केले होते. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून आणि मजकूर थोडा आटोपशीर करून त्यांतील काही येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमचे द्राक्षांचे पॅकहाऊस आहे. हंगामात शेतकऱ्यांकडून येणाऱ्या क्रेटची आवक, म्हणजे गाडी, वजन आणि प्रत, वहीत लिहिली जाते आणि रात्री कोणीतरी बसून ती एक्सेलमध्ये चढवतो. माझ्या पुतण्याला जावा चांगली येते. मोबाइलवरूनच नोंद घेता येईल असे काही करण्याची त्याची इच्छा आहे; परंतु स्प्रिंग बूट या मोठ्या फ्रेमवर्कशिवाय (तयार सांगाड्याशिवाय) जावात वेबचे काम होत नाही, असे त्याचे मित्र सांगतात. कार्यालयातला संगणक जुना, ४ जीबी मेमरीचा आहे. काय करावे?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : मित्रांचे म्हणणे नोकरीच्या बाजारापुरते खरे आहे, आपल्या कामापुरते नाही. आपल्या गरजेसाठी मी जावालिन हे फ्रेमवर्क सुचवीन.

जावातले वेब जड असते ही समजूत मात्र हवेतून आलेली नाही. एके काळी सर्व्हलेट (विनंतीला उत्तर देणारा जावा कोड) लिहायचे, एक्सएमएल फाइलीत त्याची नोंद करायची, सगळ्याची वॉर फाइल बांधायची आणि ती वेगळ्या बसवलेल्या टॉमकॅट या सर्व्हरमध्ये नेऊन ठेवायची, तेव्हा कुठे पहिले पान दिसत असे. रुबी भाषेत २००७ मध्ये आलेल्या सिनाट्राने ही वाट सोडून दिली आणि पत्ता व तो पत्ता मागितल्यावर करायचे काम या दोन गोष्टी एकाच ओळीत लिहिण्याची पद्धत पाडली. पेर वेंडेल यांनी २०११ मध्ये स्पार्क या फ्रेमवर्कद्वारे ती पद्धत जावात आणली, आणि २०१४ मध्ये जावा ८ बरोबर लॅम्डा (नाव न देता जागीच लिहिलेले फंक्शन) आल्यावर ती जावातही सुटसुटीत दिसू लागली. जावालिन २०१७ मध्ये या स्पार्कमधूनच फुटून निघाले. ते कॉटलिन भाषेत लिहिलेले असले तरी वापरण्यासाठी कॉटलिन शिकावी लागत नाही. जावालिन स्वतः काही हजार ओळींचे आहे. एचटीटीपीचे खरे काम त्याच्या पोटातला जेटी सर्व्हर करतो. त्यामुळे सगळे मिळून एक जार फाइल तयार होते, आणि जावा असलेल्या कोणत्याही संगणकावर ती एका आज्ञेने चालते. (एकच जार हे वैशिष्ट्य स्प्रिंग बूटमध्येही २०१४ पासून आहे, तेवढ्या कारणासाठी जावालिन निवडू नये.) फरक पडतो तो आत काय चालले आहे हे किती समजते यात. जावालिनमध्ये ॲनोटेशनच्या (कोडवर लावलेल्या खुणेच्या) आड काही घडत नाही, मुख्य मेथड वरून खाली वाचली की सगळे ॲप्लिकेशन वाचून होते. पुतण्या उद्या पुण्याला नोकरीला गेला, तर त्याच्या मागे हे कोणाला तरी वाचावे लागणार आहे, हा विचार येथे महत्त्वाचा आहे.

मेमरीची काळजी नसावी. जावा आपणहून संगणकाच्या एकूण मेमरीच्या चौथ्या भागापर्यंत हीप (प्रोग्रामच्या डेटाची मेमरी) वाढू देते, म्हणजे आपल्याकडे सुमारे १ जीबी. आवक नोंदवण्याच्या कामाला १२८ एमबी पुष्कळ होतात. जार सुरू करताना हीपची कमाल मर्यादा एक्सएमएक्स या पर्यायाने तेवढी बांधून द्यावी, म्हणजे त्याच संगणकावर एक्सेल आणि टॅलीही सुखाने चालतील.

आता नोंदीकडे वळू, कारण खरी मेख तेथे आहे. ‘आवक’ या एकाच पत्त्यासाठी दोन हँडलर (विनंतीला उत्तर देणारे कोडचे तुकडे) लिहावेत. गेट विनंती आली की कोरा फॉर्म दाखवावा. पोस्ट विनंती आली की भरलेला फॉर्म घ्यावा. दोन्ही हँडलरना जावालिन ‘कॉन्टेक्स्ट’ नावाची एकच वस्तू देते; फॉर्ममधली वजन, प्रत, गाडी क्रमांक ही मूल्ये तिच्यातूनच काढायची आणि उत्तरही तिच्यातूनच पाठवायचे. वजन डबल या दशांश अपूर्णांकांच्या प्रकारात ठेवू नये, कारण हंगामाच्या शेवटी हजारो नोंदींची बेरीज करताना दशांशातली सूक्ष्म तूट पट्टीवर उमटू शकते. १८ किलो ४०० ग्रॅम हे १८४०० असे ग्रॅममध्ये पूर्णांकाने साठवावे.

नोंद साठवून झाल्यावर त्याच उत्तरात ‘नोंद झाली’ असे पान छापून मोकळे होणे ही नवशिक्यांची ठरलेली सवय असते. मग काट्यावरचा माणूस पान रिफ्रेश करतो, ब्राउझर तोच फॉर्म पुन्हा पाठवतो आणि एका गाडीच्या दोन गाड्या होतात. म्हणून पोस्टच्या शेवटी पान न देता ३०३ या स्टेटससह नोंदीच्या पानाकडे रीडायरेक्ट करावे, म्हणजे ब्राउझरला तिकडे वळवावे. तेथे रिफ्रेश केले तरी केवळ वाचन होते. तरीही एक वाट उघडी राहते. रेंज कमी असली की माणूस बटण दोनदा दाबतो, आणि दोन्ही विनंत्या पोचतात. त्यासाठी कोरा फॉर्म देतानाच त्यात एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) लपवून ठेवावा आणि डेटाबेसच्या तक्त्यात त्या रकान्यावर युनिक ही अट घालावी. दुसरी विनंती आली की डेटाबेसच ती नाकारतो. तेव्हा चूक न दाखवता आधीच्या नोंदीचे पान दाखवावे. शेतकऱ्याच्या हिशेबाचा प्रश्न असल्याने हे काम जावास्क्रिप्टने बटण निष्क्रिय करण्यावर सोडू नये.

डेटाबेससाठी एसक्यूलाइट पुरेल. वेगळा सर्व्हर बसवावा लागत नाही, सगळा डेटा एका फाइलीत राहतो, आणि मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेला व्यवहार पुढच्या वेळी फाइल उघडताना आपोआप रद्द होतो. बॅकअप मात्र चालू ॲप्लिकेशनची फाइल कॉपी करून घेऊ नये. एसक्यूलाइटची ‘व्हॅक्यूम इन्टू’ ही आज्ञा चालू डेटाबेसची सुसंगत प्रत दुसऱ्या फाइलीत काढून देते. ती रोज रात्री चालवून प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी.

प्रश्न : आमच्या कारखान्यात गेटपासचे एक छोटे ॲप्लिकेशन आहे. स्पार्क फ्रेमवर्क, जावा ८ आणि सर्व्हर विंडोजचा. माझ्या लॅपटॉपवर कामगारांची नावे मराठीत नीट दिसतात, पण सर्व्हरवर चढवले की नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. फ्रेमवर्क बदलावे का?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : बदलू नये; दोष फ्रेमवर्कचा नाही. जावा १७ पर्यंत, एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) सांगितले नसेल तर जावा ऑपरेटिंग सिस्टिमचे एन्कोडिंग धरत असे, आणि विंडोजवर ते बहुधा पश्चिम युरोपीय लिपींसाठीचे १२५२ असते. त्यात देवनागरीला जागाच नाही. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून सर्वत्र, देवनागरीसह सर्व लिपी मावणारे यूटीएफ-८ हेच गृहीत धरले जाते. आपल्या लॅपटॉपवर लिनक्स किंवा नवी जावा असेल, तर दोन ठिकाणचा फरक त्यातूनच आलेला आहे.

बिघाड कोठे आहे हे पडद्यावरच्या खुणेवरून ओळखता येते, आणि हे ओळखणे उपयोगाचे आहे. प्रश्नचिन्हे दिसत असतील तर अक्षरे लिहितानाच नष्ट झाली आहेत. साठवतानाच तसे झाले असेल तर तो डेटा परत मिळत नाही, नावे पुन्हा भरावी लागतील. याउलट डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए वारंवार दिसत असेल, तर बाइट शाबूत आहेत आणि केवळ चुकीच्या एन्कोडिंगने वाचले जात आहेत. अशा वेळी वाचणारा कोड दुरुस्त केला की नावे परत दिसतात. आपल्या प्रोग्राममध्ये फाइलरीडर, फाइलरायटर आणि कंसात काही न देता वापरलेली गेटबाइट्स ही मेथड शोधावी, आणि प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ स्पष्ट लिहावे. तोवर तात्पुरता उपाय म्हणून सर्व्हरवर जावा सुरू करताना फाइल डॉट एन्कोडिंग हा गुणधर्म यूटीएफ-८ करून द्यावा. उत्तराच्या कंटेंट-टाइप हेडरमध्ये कॅरॅक्टरसेट लिहिला आहे ना, तेही पाहावे.

मराठीत फॉर्म भरून घेणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी केव्हा ना केव्हा आडव्या येतात, म्हणून विचारले नसतानाही लिहितो. पहिली गोष्ट आकड्यांची. कोणी ‘४५०’ असे देवनागरीत टाइप केले तर जावाची इंटिजर डॉट पार्सइंट ही मेथड ते बिनतक्रार ४५० असे वाचते, बिगडेसिमल हा प्रकारही वाचतो. डबल डॉट पार्सडबल मात्र अपवाद फेकते, म्हणजे चूक कळवून थांबते. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये अंकासाठी वापरले जाणारे उलट्या तिरक्या रेघेसह डी हे चिन्हही, वेगळे सांगितल्याशिवाय, देवनागरी अंक ओळखत नाही. एकाच ॲप्लिकेशनमध्ये एका रकान्यात मराठी आकडा चालतो आणि शेजारच्या रकान्यात चालत नाही, या गूढाचा उलगडा बहुतेक वेळा येथे होतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे येतो. डेटाबेसला साधे क्रमाने लावायला सांगितले तर तो बहुधा युनिकोडच्या क्रमाने लावतो. नावांच्या यादीत सुरुवातीलाच ‘ळ’ असलेले नाव सापडणार नाही, पण ‘काळे’ आणि ‘कावळे’ यांचा क्रम वहीतल्यापेक्षा वेगळा दिसेल. कामगारांची यादी शंभरीच्या आत असेल तर याकडे दुर्लक्ष करणेच शहाणपणाचे. मोठी असेल तर आयसीयू४जे ही लायब्ररी मराठीचा क्रम जाणते.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल वर्गणीचा हिशेब सभासदांना पाहता यावा म्हणून मी जावालिनमध्ये ॲप्लिकेशन केले. सगळे झाले, पण लॉगिन कसे करायचे ते जावालिनच्या माहितीत सापडत नाही.
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : सापडत नाही, कारण ते तयार स्वरूपात नाहीच. जे फ्रेमवर्क देत नाही ते आपल्या अंगावर येते, आणि लहान फ्रेमवर्क निवडण्याची खरी किंमत ही आहे. स्प्रिंग सिक्युरिटी हा स्प्रिंगचा लॉगिनचा भाग शिकायला कंटाळून जावालिनकडे आलेल्या माणसाला लॉगिन, लॉगआउट आणि पासवर्ड बदलणे या तिन्ही गोष्टी स्वतः लिहाव्या लागतात.

लिहायचे असे. जावालिनमध्ये ‘बिफोर’ हा हँडलर प्रत्येक विनंतीच्या आधी चालतो. त्यात सेशनमध्ये (लॉगिन केलेल्याची सर्व्हरने ठेवलेली तात्पुरती नोंद) सभासदाची ओळख आहे का ते पाहावे. सर्व पत्ते बंद धरून लॉगिनचे पान आणि सीएसएस एवढेच उघडे ठेवावेत. एकेक पत्ता आठवून बंद करण्याची पद्धत ठेवली तर पुढच्या वर्षी वाढवलेले पान हमखास उघडे राहते. अनेकांच्या कोडमध्ये येथे एक चूक आढळते. बिफोरमध्ये नुसता ४०१ (लॉगिन हवे) हा स्टेटस लावून परत फिरले, तर जावालिन थांबत नाही, पुढचा हँडलर चालतोच आणि हिशेबाचे पान तयार होऊन जाते. अडवायचे असेल तर अनऑथराइज्ड रिस्पॉन्स हा अपवाद फेकावा लागतो.

पासवर्ड डेटाबेसमध्ये जसाच्या तसा किंवा एमडी५ करून ठेवू नये. बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ या पासवर्ड हॅश करण्याच्या पद्धती वापराव्यात. बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच विचारात घेते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, त्यामुळे अभंगाची ओळ पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्या सभासदाची पहिली २४ चिन्हेच तपासली जातील. काना, मात्रा आणि अनुस्वार यांचीही वेगळी चिन्हे मोजली जातात. एसक्यूएल नेहमी प्रिपेअर्ड स्टेटमेंटने चालवावे, टेम्प्लेटमधले एस्केपिंग बंद करू नये, कुकीला सेमसाइट आणि एचटीटीपीओन्ली हे गुण लावावेत. ॲप्लिकेशन इंटरनेटवर ठेवणार असल्यास पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर उभा करून लेट्स एन्क्रिप्टचे एचटीटीपीएस प्रमाणपत्र घ्यावे. ते फार तर ९० दिवसांचे असते, तेव्हा नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी. सेशन जेटीच्या मेमरीत राहतात, म्हणून ॲप्लिकेशन पुन्हा सुरू केले की सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावे लागते. एका सोसायटीला त्याचे काही वाटण्याचे कारण नाही.

ऑनलाइन पैसे भरण्याची सोय मात्र यात घालण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : स्पार्क शिकायचे म्हणून एका क्लासला नाव घातले, तर तेथे वेबऐवजी डेटा विश्लेषण शिकवतात. हे कसे?
– एक विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : ही दोन वेगळी सॉफ्टवेअर्स आहेत. आपण ज्या क्लासला गेलात तेथे अपाची स्पार्क शिकवतात. ते अनेक संगणकांवर पसरलेल्या प्रचंड डेटावर प्रक्रिया करण्यासाठी आहे आणि नोकरीच्या जाहिरातींत ‘स्पार्क’ म्हणतात ते बहुधा तेच. वेबचे स्पार्क जावा नावाने ओळखले जाते, आणि त्याचे काम आता जवळपास थांबलेले आहे. नव्याने सुरुवात करायची तर जावालिन घ्यावे; त्याच्या ६व्या आवृत्तीला जावा ११ किंवा पुढची लागते. क्लास सोडण्याचे कारण नाही, कारण नोकरीसाठी तोच अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थात आमचे मंडळ स्वयंसेवकांच्या पाळ्या आणि हजेरी यांची नोंद ठेवणार आहे. दोनेक हजार स्वयंसेवक असतील. इतके लोक एकदम आले तर छोटे फ्रेमवर्क कोलमडेल का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : फ्रेमवर्क कोलमडणार नाही, कोंडी झाली तर ती डेटाबेसपाशी होईल. जावालिनच्या आतला जेटी डीफॉल्टने २५० थ्रेडपर्यंत (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांपर्यंत) जातो, म्हणजे तितक्या विनंत्या एका वेळी हाताळायला घेतो. डेटाबेसची जोडणी बहुतेक जण हिकारीसीपी या पूलमधून (तयार जोडण्यांच्या साठ्यातून) घेतात आणि त्याची मूळ मर्यादा १० जोडण्यांची असते. अडीचशे थ्रेड दहा जोडण्यांची वाट पाहत उभे, हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आणले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेड जावालिन ६ मध्ये एका सेटिंगने सुरू करता येतात, पण त्यांनी दहाच्या अकरा जोडण्या होत नाहीत. एका हजेरीचे काम डेटाबेसमध्ये ५ मिलिसेकंदांत आटोपत असेल, तर एक जोडणी सेकंदाला २०० आणि दहा जोडण्या २००० हजेऱ्या हाताळतील. आपले सगळे स्वयंसेवक एकाच सेकंदाला बटण दाबणार नाहीत. तेच काम इंडेक्स (चटकन शोधण्यासाठीची सूची) नसलेल्या तक्त्यामुळे अर्ध्या सेकंदाचे झाले, तर दहा जोडण्यांत सेकंदाला वीसच हजेऱ्या होतील आणि पाळी बदलताना रांग लागेल. म्हणून स्वयंसेवक क्रमांकाच्या रकान्यावर इंडेक्स घालणे हे सर्व्हर वाढवण्याच्या आधीचे काम आहे.

एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. डब्ल्यूएएल पद्धत सुरू केली की त्या वेळी इतरांना वाचता येते, परंतु लिहिण्याची रांग राहतेच. पाळी बदलण्याच्या वेळी सगळे लिहिणारेच असतील, तेव्हा येथे पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर घ्यावा.

सर्व्हरपेक्षा मला काळजी वाटते ती घाटावरच्या रेंजची. पर्वणीच्या गर्दीत हजारो फोन एकाच टॉवरवर आले की नेटवर्क दाटते, आणि तेव्हा रिॲक्ट या लायब्ररीचे मोठे जावास्क्रिप्ट उतरवून घेणारे पान उघडत नाही. टेम्प्लेटमधून सर्व्हरवरच तयार केलेले, काही केबींचे, चित्र नसलेले साधे एचटीएमएल पान अशा ठिकाणी निभावून नेते. दिंडोरीच्या वाचकांना सांगितलेला यूयूआयडीचा उपाय येथेही करावा, कारण येथे बटण दोनदाच नव्हे तर पाच-पाचदा दाबले जाईल. आणि रामकुंडावर तैनात होण्याआधी अपाची जेमीटरने पाळी बदलण्याच्या वेळेइतका भार ॲप्लिकेशनवर टाकून पाहावा. त्या चाचणीत लॉगिनही धरावे. बीक्रिप्ट मुद्दाम संथ असल्याने पहाटेच्या पाळीला सगळ्यांनी एकदम लॉगिन केले तर सर्वांत जास्त सीपीयू तेच खाईल. सेशनची मुदत दिवसभराची ठेवली तर हा ताण बराच उतरतो.

प्रश्न : इतकेच छोटे हवे असेल तर फ्रेमवर्क तरी कशाला? नुसत्या जावात होणार नाही का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : होईल. जावा ६ पासून जेडीकेमध्येच (जावाच्या साधनसंचातच) एक छोटा एचटीटीपी सर्व्हर आहे, आणि दोन-तीन पत्त्यांचे अंतर्गत काम, उदाहरणार्थ यंत्राची स्थिती दाखवणारे एक पान, त्यावर निवांत चालते. पत्त्यातला बदलता भाग वेगळा काढणे, फॉर्म उलगडणे, कुकी, सेशन आणि फाइल अपलोड यांतले काहीच तो करून देत नाही. फॉर्म उलगडण्याचा कोड स्वतः लिहायला घेतला, की आपण फ्रेमवर्कच लिहायला बसलो आहोत असे समजावे आणि जावालिन आणावे. नुसत्या एचटीएमएल फाइली दाखवायच्या असतील तर जावा १८ पासून मिळणारी जेवेबसर्व्हर ही आज्ञा त्या फोल्डरमध्ये जाऊन चालवली की काम होते. ती फक्त चाचणीसाठी आहे आणि मुळात आपल्याच संगणकापुरती ऐकते, त्यामुळे दुसऱ्या टेबलावरून पान उघडले नाही तर गोंधळून जाऊ नये.